बदकाचा आवाज

ऑपरेशन थिएटरमधली मंडळी तिला पाठीमागे 'काळजीबाई' म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. ती भूल देणारी डॉक्टर होती, आणि दुसऱ्याचा श्वास ज्याच्या हातात असतो त्याने काळजी करायची नाही तर कुणी करायची, असं तिचं म्हणणं होतं. पण तिची काळजी थिएटरच्या दाराशी थांबत नसे. सकाळी घरून निघाली की निम्म्या रस्त्यातून ती गॅस बंद केलाय का ते बघायला परत यायची. "एकदा खरंच चालू ठेवून जा," नवरा म्हणायचा, "म्हणजे परत आल्याचं चीज तरी होईल."

त्या दिवशी ती परत गेली नाही. गॅसची आठवणच झाली नाही, कारण आदल्या संध्याकाळपासून तिच्या डोक्यात एकच माणूस ठाण मांडून बसला होता.

तो माणूस म्हणजे बहात्तर वर्षांचे एक निवृत्त बस कंडक्टर. वॉर्डात सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत आणि ते त्यांना आवडत असे. मानेतून मेंदूकडे जाणारी त्यांची उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी आतून थर साचून जवळजवळ बुजली होती. महिन्याभरात दोनदा त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा आला आणि दहा मिनिटांनी गेला. एकदा दार उघडताना डाव्या हातातली किल्ली आपोआप गळून पडली आणि उचलायला बोटंच वळेनात. तेही पंधरा मिनिटांत सुरळीत झालं. पुढच्या वेळी होईल याची खात्री कुणी देईना, म्हणून सर्जनसाहेबांनी ती वाहिनी उघडून आतला थर काढायचं ठरवलं होतं.

आता यात मेख अशी, की थर काढायचा तर वाहिनीला चिमटे लावून रक्त अडवावं लागतं. चांगला अर्धा-पाऊण तास. तेवढा वेळ मेंदूच्या उजव्या बाजूला दुसरीकडून रक्त पुरतं की नाही, हे मोठमोठ्या यंत्रांपेक्षा जागा माणूस जास्त चांगलं सांगतो. मेंदूचा उजवा भाग डावा हात हलवतो. डावा हात चालतोय, म्हणजे रक्त पोचतंय. हात ढिला पडला, तर चिमट्याच्या अलीकडून पलीकडे एक बारीक नळी टाकून रक्त चालू करायचं. उशीर झाला तर मात्र तो हात कायमचा गेला, आणि हातावर भागलं तर नशीब.

शिवाय काकांच्या छातीचा भाता चाळीस वर्षांच्या धुराने आणि विड्यांनी पार कामातून गेला होता. त्यांना पूर्ण झोपवून पुन्हा जागं करणं काळजीबाईला जिवावर आलं होतं. म्हणून तिनेच हट्ट धरला होता: झोपवायचं नाही, फक्त मानेच्या त्या बाजूच्या मज्जातंतूंना इंजेक्शन देऊन मान बधिर करायची. सर्जनसाहेब नाखूश होते. "पेशंट जागा म्हणजे मला दुप्पट घाम," ते म्हणाले होते. "पण तुमच्या जबाबदारीवर." हे शेवटचे तीन शब्द तिने रात्रभर उशाला घेतले होते.

थिएटरच्या दाराशी काकांची मुलगी उभी होती. औषधाच्या दुकानात काम करणारी, चटपटीत बाई. पण त्या सकाळी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मॅडम, बाबा एकटे राहतात," ती म्हणाली. "तिसरा मजला. स्वयंपाक, कपडे, शर्टाची बटणं लावणं, सगळं स्वतः. माझ्याकडे या म्हटलं तर ऐकत नाहीत. हात गेला ना, तर माणूस नुसता बसून संपेल."

"मी पूर्ण वेळ त्यांच्या उशाशी आहे," काळजीबाई म्हणाली. हे ती सगळ्यांनाच सांगायची, आणि ते खरंही असायचं.

आत काका टेबलावर पडून छताचे दिवे मोजत होते. तिने त्यांच्या मानेच्या उजव्या बाजूला गार जेल लावलं, सोनोग्राफीचा दांडा टेकवला आणि पडद्यावर मानेचा तो जाड स्नायू शोधला. त्याच्या मागच्या कडेला, चामडीखाली बोटभर अंतरात, मज्जातंतूंचं जाळं असतं. कान, जबड्याची कड, गळा, खांद्याचा वरचा भाग, सगळ्यांच्या तारा तिथून जातात. सुई अलगद आत गेली. औषध पसरताना पडद्यावर काळी फट उघडत गेली, हवी होती तशीच.

"आता जड वाटेल, बधिर वाटेल, अंग आपलं नाहीच असं वाटेल," ती म्हणाली. हे वाक्य तिला पाठ होतं. शेकडो जणांना तिने ते याच सुरात सांगितलं होतं. "ते औषधाचं काम आहे. घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरतोय!" काका म्हणाले. "मी गर्दीच्या वेळी बस चालू असताना मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत गेलेला माणूस आहे."

पाच मिनिटांनी तिने कानाच्या पाळीला बर्फ लावला. त्यांना काही कळलं नाही. जबड्याला, गळ्याला, गळ्याखालच्या हाडापर्यंत लावत गेली. काही नाही. तिचा जीव पाव हिश्शाने भांड्यात पडला. पुरा पडायची तिला सवयच नव्हती.

मग तिने पेटीतून एक पिवळं रबरी बदक काढलं. दाबलं की 'चूं' करणारं. ते तिने खेळण्यांच्या दुकानातून आणलं होतं. दुकानदाराने मुलाचं वय विचारलं तेव्हा तिने तंद्रीत "बहात्तर" सांगितलं होतं, आणि त्याने बिचाऱ्याने काही न बोलता बांधून दिलं होतं.

"काका, हे तुमच्या डाव्या हातात. तुमच्या अंगावर कापडं घालणार, म्हणजे मला तुमचा हात दिसणार नाही. मी 'दाबा' म्हटलं की दाबायचं. मला आवाज आला पाहिजे. आवाज थांबता कामा नये, एवढंच बघा."

"बेल द्यायची म्हणा की."

"बेलच."

"मग ते माझ्यावर सोडा."

डावा हात बदकासकट पोटावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला. उजव्या मनगटातल्या धमनीत तिने आधीच एक बारीक नळी घातली होती, तिच्यामुळे रक्तदाब ठोक्याठोक्याला पडद्यावर लाल रेघेत उमटत होता. त्या मनगटाखाली छोटी फळी, वरून चिकटपट्टी, आणि हात अंगालगत. मग हिरवी कापडं आली आणि काकांचं सगळं अंग झाकून गेलं. डोक्याशी एका दांडीवर कापड उचलून धरलेलं, त्या तंबूत फक्त त्यांचा चेहरा आणि शेजारी स्टुलावर काळजीबाई.

सर्जनसाहेबांनी चीर घेतली. काकांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "सुरू कधी करणार?" त्यांनी विचारलं, आणि मुखपट्टीमागे सिस्टर हसल्या.

त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून काळजीबाईने बसचे थांबे विचारले. झालं, काका सुटले. शाळा, पोस्ट, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, कोर्ट, कोर्टाच्या पुढचं वळण. मधे मधे कुठल्या थांब्यावर कोण चढायचं आणि सुट्टे नाहीत म्हणून कोण गळा काढायचं, तेही.

"किती थांबे आहेत हो?" सर्जनसाहेबांनी मान न उचलता विचारलं. त्यांच्या नाकावर राग कायम तयार असे.

"चौतीस, साहेब. परतीचे वेगळे."

मग चिमटे लागले. थिएटरमधलं बोलणं एकदम थांबलं. "लावलं," सर्जनसाहेब म्हणाले. काळजीबाईने घड्याळ पाहिलं.

"दाबा."

चूं.

"दाबा."

चूं.

पहिली तीन मिनिटं ती श्वास रोखून बसली होती. सहसा बिघडायचं ते तेवढ्यातच बिघडतं. बिघडलं नाही. सर्जनसाहेबांनी वाहिनी उघडली आणि आतला पिवळट थर सोलायला घेतला. दर अर्ध्या मिनिटाला दाबा, दर अर्ध्या मिनिटाला चूं. थांबे बावीसपर्यंत आले.

एकोणिसाव्या मिनिटाला रक्तदाब उतरायला लागला. दीडशेवरून एकशे तीस, एकशे पंधरा, एकशे दोन. तिने लगेच औषध दिलं. पण औषधाला हृदयापर्यंत पोचायला वेळ लागतोच, आणि तेवढा वेळ दाब खालीच रेंगाळला.

"दाबा."

काही नाही.

"काका, दाबा."

काही नाही. यंत्राची टिकटिक तेवढी.

"काका, दाबा ना! ऐकू येतंय ना? दाबा, दाबा!" आवाज तिच्या नकळत चढला होता आणि टोकाला जाऊन फाटला होता. सर्जनसाहेबांचे हात थांबले.

क्षणभर काहीच झालं नाही. मग कापडाखाली काहीतरी सळसळलं आणि चूं झालं.

"हुश्श! शाब्बास," ती म्हणाली. "शाब्बास काका. घाबरवलंत मला."

"थोडी डुलकी लागली," काका म्हणाले. शब्द स्पष्ट, जीभ जागेवर. "तेविसावा थांबा भाजी मार्केट."

सर्जनसाहेबांनी पुन्हा काम सुरू केलं. दाब चढत एकशे वीसवर आला. दाबा, चूं. दाबा, चूं. आधीपेक्षाही खणखणीत. सिस्टरनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. झालं गेलं, असं त्यांना म्हणायचं होतं.

पण काळजीबाईला झालं गेलं कधी जमलंय! ती पडद्याकडे बघत राहिली. लाल रेघ एका लयीत डोंगर काढत चालली होती. "दाबा." चूं, आणि रेघ थरथरली. कुणाचा तरी धक्का लागला असेल. अर्धं मिनिट. "दाबा." चूं, आणि रेघ पुन्हा थरथरली. सर्जनसाहेबांच्या कोपराकडे तिने पाहिलं. कोपर नळीपासून हातभर लांब होतं. तिसऱ्यांदा तिने वेळ व्हायच्या आधीच म्हटलं, "दाबा." चूं आणि थरथर, दोन्ही एकदमच.

रेघ उमटवणारी ती नळी उजव्या मनगटात होती.

मग ती स्टुलावरून उठली, टेबलाच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, कापडाची खालची कड उचलली आणि टॉर्च आत मारला.

काकांचा डावा हात टॉवेलवर उताणा पडला होता. बोटं अर्धी उघडी. उजवा हात, फळीसकट, चिकटपट्टीसकट, पोटावरून ओढत इकडे आला होता, आणि बदक त्या हातात होतं.

"सर," ती म्हणाली. "डावा हात गेलाय. किती वेळ ते नक्की सांगता येत नाही. तीन-चार मिनिटं असतील."

ती वाट बघत होती ओरडण्याची. सर्जनसाहेब ओरडले नाहीत, आणि त्यानेच तिची पाचावर धारण बसली. "रक्ताची नळी द्या," ते सिस्टरना म्हणाले. "दाब वर न्या, मॅडम. एकशे साठ."

तिने औषध वाढवलं. एका हाताने पंप, दुसऱ्या हाताने कापडाखाली काकांचा डावा हात. हात ऊबदार होता आणि त्यात कुणी नव्हतं.

"मॅडम, काही चुकलं का?" तंबूतून आवाज आला. "हात मघाशीच बधिर झाला. तुम्ही म्हणालाच होतात."

इंजेक्शन मानेला होतं, तेही उजव्या. डाव्या हाताचा त्याच्याशी सुतराम संबंध नव्हता. हे तिला माहीत होतं, सिस्टरना माहीत होतं, भिंतींनाही माहीत असेल. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना तिने सांगितलं होतं की अंग आपलं नाहीच असं वाटेल, घाबरायचं नाही.

"काका, आता बदक सोडून द्या. डाव्या हाताने माझा हात धरायचा प्रयत्न करा."

"करतोय."

काही नाही.

"नळी आत," सर्जनसाहेब म्हणाले. "सोडतोय." कापडापलीकडे एक चिमटा खटकन उघडला. "रक्त चालू."

आता मोजत बसण्याशिवाय तिच्या हातात काही उरलं नाही. एक मिनिट. तिला त्या मुलीचा चेहरा दिसत होता. शर्टाची बटणं दिसत होती. दीड मिनिट. तुमच्या जबाबदारीवर. दोन मिनिटं. तिच्या तळहातावर काहीतरी हललं. आपलाच हात हलला असेल म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही. मग पुन्हा हललं. अंगठा होता. मग पहिलं बोट, मधलं बोट. पकड आली, ढिली, पण आली.

"आला," ती म्हणाली.

उरलेलं पाऊण तासाचं काम तिने जमिनीवर बसून, कापडाखाली हात घालून काढलं. गुडघे सुन्न झाले तरी तिने तो हात सोडला नाही. दर वेळी पकड आली. नळी निघाली, टाके पडले, चिमटे सुटले. सर्जनसाहेब हातमोजे काढत तिच्याजवळ आले. "वेळेत कळलं," एवढंच ते म्हणाले. शेजारी उभ्या सिस्टरना वाटलं, आता मॅडम रडणार. मॅडम रडल्या नाहीत. त्या काकांच्या खाटेमागे चालत शेजारच्या खोलीत गेल्या, जिथे ऑपरेशननंतर पेशंटना तासभर डोळ्यांसमोर ठेवतात.

तिथे एक खिडकी होती आणि खिडकीत ऊन होतं. काका उशीवर टेकून बसले होते, मानेला पट्टी, चेहऱ्यावर बस वेळेवर डेपोत आणल्याचं समाधान. काळजीबाई खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"काका, माझी चूक झाली," ती म्हणाली. "तो हात बधिर झाला तो इंजेक्शनने नाही. मेंदूला रक्त कमी पडत होतं. म्हणूनच तर बदक डाव्या हातात दिलं होतं. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. तुमच्या मुलीलाही मी हे सांगणार आहे."

काकांनी मानेवरची पट्टी उजव्या हाताने चाचपली.

"मला अर्धवट वाटलं होतं तसं," ते म्हणाले.

"काय वाटलं होतं?"

"की हे काही बरोबर नाही. मान उजवी आणि हात डावा. तेवढं कळतं मला."

"मग बोलला का नाहीत? बदक या हातातून त्या हातात का घेतलंत?"

काका संकोचले. पांघरुणाची कड त्यांनी उजव्या हाताने सारखी केली.

"बाई, तुम्ही ओरडलात ना, दाबा, दाबा म्हणून. पोरगी माझी अशीच ओरडते, मी फोन उचलला नाही की. मला वाटलं, बिचारी फार घाबरलीय. एक हात चालेना, पण दुसरा होता की मोकळा. वाजवलं. तुम्ही लगेच हुश्श केलंत, शाब्बास म्हणालात. मग काय, वाजवत राहिलो. तुम्हाला बरं वाटत होतं."

चार मिनिटं या माणसाचा मेंदू उपाशी होता आणि त्या चार मिनिटांत तो तिची समजूत काढत होता. तिने आयुष्यभर पेशंटच्या छातीचे, नाडीचे, श्वासाचे आवाज कान देऊन ऐकले होते. आपलाही आवाज कुणी ऐकत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. या घडीला डोळ्यांतून पाणी काढणं तिला अगदी सोपं होतं. ती उठली, बेसिनपाशी गेली, तोंडावर गार पाणी मारलं, पुसलं, आणि परत येऊन बसली.

"काका," ती म्हणाली, चहा घेणार का विचारावं इतक्या साध्या आवाजात, "आत्ता डावा हात कसा आहे?"

"छान आहे."

"मला बरं वाटायला नको आहे. हात कसा आहे?"

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कपाळ, डोळे, ओठ, सगळं तपासलं. तिने चेहऱ्यावरची एक रेघ हलू दिली नाही.

"करंगळी अजून आलेली नाही," ते हळूच म्हणाले. "आणि तिच्या शेजारचं बोट येतं-जातं. आत खाटेवर घेतल्यापासून. म्हटलं, आत्ताच तर तुम्ही जमिनीवरून उठलात."

सिस्टरना तिने हाताने खूण केली, सर्जनसाहेबांना बोलवा, सोनोग्राफी आणा, आत्ता. मग करंगळी आपल्या दोन बोटांत धरून ती काकांकडे वळली.

"बरं," ती म्हणाली. "आणखी?"